गोधडी बिघडते ती सुई लागण्याआधी: जुन्या साड्यांची हाताने शिवायची गोधडी, सगळे टप्पे क्रमाने

दिवाळीची साफसफाई झाली की ठरलेल्या तक्रारी कानावर येतात. "आईच्या साड्यांची गोधडी करायला घेतली, पण मधेच फुगा आलाय." "एक कड लांब झाली, एक आखूड." "पहिल्याच धुण्यात रंग लागला." आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "शिवलेल्या ओळीवरच कापड फाटत चाललंय."

विचारणाऱ्या प्रत्येकीला वाटतं की टाका चुकला. टाका क्वचितच चुकतो. धावदोरा हा शिवणातला सगळ्यात सोपा टाका आहे, दोन दिवसांत हात बसतो. गोधडी बिघडते ती कापड निवडताना, धुताना आणि अंथरताना. म्हणून या लेखात प्रत्यक्ष शिवण निम्म्याच्याही पुढे येईल. तेवढा धीर नसेल तर गोधडीला हातच लावू नका, साड्या फुकट जातील.

इथे दिलेली पद्धत एका माणसाच्या, हाताने शिवायच्या, चार थरांच्या सुती गोधडीची आहे.

## आधी हिशोब आणि साहित्य

सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट असते आणि पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. तिचे ५४ इंचांचे चार तुकडे होतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ५४ × ९० इंचांचा एक थर तयार होतो. म्हणजे एक सहावारी = दोन थर. एवढं सूत्र लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी करता येतं. दोन साड्यांत चार थरांची गोधडी, तीन साड्यांत सहा थरांची. कडा दुमडून तयार माप साधारण सव्वाचार × सव्वासात फूट मिळतं.

नऊवारी असेल तर लांबी ८.२ मीटरच्या घरात. तिचे चार तुकडे केले तर प्रत्येक ८१ इंचांचा, आणि तसेच जोडल्यावर ८१ × ९० इंच, म्हणजे डबलबेडची गोधडी. पण पहिलीच गोधडी डबलबेडची करायला घेऊ नका. ती अंथरायला घरातली जमीन पुरत नाही आणि मधल्या भागात हात पोचत नाही.

थर किती? मुंबई-कोकणात चार पुरतात. देशावरच्या थंडीला सहा. त्याहून जास्त थर हाताने शिवायचे म्हटलं की बोटं सोलतात, टाका मोठा होत जातो आणि खालच्या थराला दोरा लागतच नाही.

साहित्य:

- जाड, सुती, तीन-चार पदरी दोरा. एक इंचावर ओळी धरल्या तर या मापाला सुमारे १४० मीटर दोरा लागतो. थोडा जास्तच आणा, मागाहून आणलेल्या दोऱ्याचा रंग जुळत नाही.
- लांब, बारीक पण मोठ्या नेढ्याच्या सुया, चार-पाच. दाभण नको, ते जुन्या कापडाला भोक पाडतं.
- बोटात घालायचं अंगुस्तान. सुरुवातीला अडचण वाटते, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही.
- कच्च्या टाक्यासाठी, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवायला, वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा साधा दोरा.
- मेणाचा तुकडा, शिंप्याचा खडू, धारदार कातर, मोजपट्टी, मोठ्या टाचण्या.

इशारा: नायलॉनचा किंवा पतंगाच्या मांज्यासारखा चिवट दोरा वापरू नका. जुनं कापड मऊ आणि दोरा चिवट असेल तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड चिरतं. दोरा कापडापेक्षा किंचित दुबळा असलेला बरा. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

## टप्पा १: कापड निवडणं

इथे घाई कराल तर पुढचं सगळं वाया जाईल. ज्यांच्याकडून मी शिकले त्या शेजारच्या काकू साडी हातात घेतली की आधी खिडकीशी जायच्या. "उजेड दाखव तिला," म्हणायच्या. तेच करायचं. साडी पूर्ण उलगडून, वीत-वीत सरकवत उजेडासमोर धरायची. जिथे कापड विरलंय तिथे उजेड झिरझिरीत येतो.

नेसून-नेसून साडी काही ठरावीक जागीच जाते: कमरेला खोचायची जागा, बसण्याचा भाग, फॉलच्या वरची रेघ, खांद्यावर पिन लावायची जागा. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवर विरते. ही सगळी ठिकाणं खडूने गोल करून ठेवा.

मग ओढून बघायचं. दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड दोन्हीकडे ताणा, आधी उभ्या धाग्यावर, मग आडव्या. कापडाने दम धरला तर ठीक. चर्र आवाज आला, धागे सरकून फट पडली, तर ते कापड बाहेरच्या थराला चालणार नाही.

आता चार ढीग करा.

पहिला ढीग, बाहेरच्या थरांसाठी. मजबूत, सुती, न विरलेलं. वरच्या बाजूला चौकड्याची किंवा रेघांची साडी मिळाली तर सोनं, कारण शिवायच्या ओळी आखायला लागत नाहीत.

दुसरा ढीग, आतल्या थरांसाठी. विरलेलं पण फाटून लोंबत नसलेलं सुती कापड. धोतर, पंचे, मऊ झालेल्या चादरी, सुती ओढण्या, सलवारी, शर्टांच्या पाठी. आतल्या कापडाला ताण येत नाही, त्यामुळे थोडं जीर्ण असलं तरी चालतं.

तिसरा ढीग, ठिगळांसाठी. बाहेरच्या साडीत एखाद-दुसरी विरलेली जागा असेल तर तिच्या आतून लावायला.

चौथा ढीग, गोधडीत अजिबात नको असलेलं. लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, म्हणून सविस्तर सांगते.

*होजिअरी*, म्हणजे टी-शर्ट, गंजी, लेगिंग्ज. मऊ असतात म्हणून मोह होतो. पण ते ताणतात आणि साडी ताणत नाही. शिवताना हाताखाली टी-शर्ट थोडा लांबतो, सोडल्यावर मागे येतो आणि वरच्या साडीला चुण्या पडतात. माझी पहिली गोधडी अशीच गेली. मधले दोन थर मुलांच्या टी-शर्टांचे होते. अंथरलेली बघितली की अजूनही वाळत घातलेल्या पापडासारखी वाटते.

*जीन्स आणि जाड पँटी.* सुई अडते. जीन्स आत आणि साडी बाहेर असेल तर जाड कापड घासून-घासून पातळ कापड आतून विरवतं.

*टॉवेल.* पाणी इतकं धरतो की गोधडी दोन दिवस वाळत नाही आणि आतून कुबट होते.

*सिंथेटिक साड्या.* घाम शोषत नाहीत आणि शिवताना थरांमधून सरकतात. मिश्र धाग्याची साडी हाताला सुतीसारखी लागते, तेव्हा शंका असेल तर जाळून बघा. काठातून चार-पाच धागे काढून चिमट्यात धरायचे, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि टोक पेटवायचं. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहतो. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर. दोन्ही खुणा मिळाल्या, राखही आणि मणीही, तर धागा मिश्र आहे.

इशारा: धागेच जाळायचे, साडीचं टोक नव्हे. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून हाताला चिकटतं.

*जरीचे काठ.* अंगाला टोचतात, जर काळी पडते आणि सुई अडते. साडी सुती असेल तर काठ कापून बाजूला ठेवा, पिशवीला किंवा उशीच्या अभ्र्याला कामाला येतील. फक्त अशा वेळी पन्हा कमी होतो, तो हिशोबात धरा.

तपासा: बाहेरच्या दोन्ही थरांच्या कापडाचा जाडपणा सारखा आहे का? एका बाजूला पातळ मलमल आणि दुसरीकडे जाड इरकल असेल तर एक बाजू आधी फाटेल. एकाच साडीचे चार तुकडे दोन्ही बाजूंना वापरणं सगळ्यात सोपं.

## टप्पा २: धुणं आणि रंगाची परीक्षा

"साडी धुतलेलीच आहे की," हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. कपाटातली धुतलेली साडी म्हणजे खळ केलेली किंवा डांबरगोळ्यांत ठेवलेली साडी. खळ राहिली तर सुई कुरकुरते आणि पुढे कसर लागते. तेव्हा सगळं कापड, आतलं-बाहेरचं, एकदा कोमट पाण्यात तासभर भिजवून साध्या साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको.

रंगाची परीक्षा प्रत्येक कापडाची वेगळी करायची. कोपरा भिजवून त्याला साबण लावा, पांढऱ्या सुती फडक्यात दाबून जोरात चोळा आणि पंधरा मिनिटं तसंच गुंडाळून ठेवा. फडक्यावर डाग आला तर रंग जातो.

मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो या भरवशावर राहू नका. कापडात मुळात नीट न बसलेला रंग मिठाने बसत नाही. रंग सोडणारं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवायचं. चार-पाच धुण्यांनंतरही डाग येत असेल तर ते या गोधडीत घालायचं नाही. गडद लाल, गडद निळा आणि काळा यांच्यावर विशेष लक्ष ठेवा.

गोट, म्हणजे कडेभोवतीची कापडी पट्टी, लावायला नवं कापड आणलं असेल तर तेही धुवा. जुनी साडी जेवढी आटायची तेवढी आटलेली असते, नवं सुती कापड मात्र पहिल्या पाण्याला आटतं. न धुतलेला नवा गोट लावला की पहिल्या धुण्यानंतर कडा आवळतात आणि मधला भाग ताटलीसारखा फुगतो. "गोधडी फुगली" या तक्रारीमागे कितीदा तरी हाच गोट असतो.

धुणं उन्हाळ्यात उरका. कडक उन्हात वाळलेलं कापड घडी करून ठेवा आणि पावसाळ्यात घरात बसून शिवा. उलट केलंत तर दमट कापड थरांत अडकतं आणि वास आयुष्यभर राहतो.

## टप्पा ३: उसवणं आणि कापणं

फॉल काढा, पिको काढा. फॉल बहुधा सिंथेटिक असतो आणि साडीहून वेगळा आटतो. शर्टाची कॉलर, कफ, बटणपट्टी, खिसे आणि सलवारीचा नेफा कापून टाका. जाड शिवणी आत राहू देऊ नका. अंथरल्यावर त्या दिसत नाहीत, पण झोपल्यावर बरोबर पाठीखाली येतात.

साडी सरळ कापायची युक्ती: मोजपट्टीने ५४ इंचांवर खूण करा, तिथे काठाला छोटा छेद द्या आणि एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढा. धागा निघेल तशी कापडात बारीक रेघ उमटते. त्या रेघेवरून कातर चालवायची. धागा मधेच तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचा धागा उचला. वेळ जातो, पण चारही तुकडे काटकोनात मिळतात. नवं कापड दुकानदारासारखं टर्रकन फाडता येतं, जुनं नाही. ते कुठे वळेल सांगता येत नाही.

आतल्या थरांचे तुकडे निदान वीतभर लांब-रुंद हवेत. शिवणीच्या ओळी एक इंचावर असतील तर प्रत्येक तुकड्यातून किमान चार-पाच ओळी गेल्या पाहिजेत, म्हणजे तो धुण्यात गोळा होत नाही. चिंध्या आत कोंबल्या की वर्षभरात त्यांचे बोळे होतात.

तपासा: चारही तुकडे एकावर एक ठेवा. कोपरे जुळत नसतील तर आत्ताच सरळ करा.

## टप्पा ४: बाहेरचे दोन थर

दोन तुकडे सुलट बाजू आत करून काठाला काठ लावा आणि अर्ध्या इंचावर टीप मारा. मशीन असेल तर मशीनवर, नाहीतर हाताने उलट टीप. शिवण उघडून दोन्हीकडे दाबा, इस्त्री फिरवा. दुसऱ्या बाजूचं तसंच करा.

विरलेल्या जागांना आता आतून ठिगळ लावा. ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठं हवं, म्हणजे त्याची कड चांगल्या कापडावर बसते. भोकाएवढंच ठिगळ लावलं की महिनाभरात त्याच्या कडेने नवं भोक पडतं.

## टप्पा ५: अंथरणं

गोधडी चांगली होणार की नाही हे इथे ठरतं. एक सलग दुपार काढा आणि मदतीला एक माणूस घ्या.

जागा म्हणजे जमीन. पलंग किंवा गादी नाही. गादी दबते, त्यामुळे खालचा थर कुठे सैल तर कुठे ताठ राहतो आणि ते वरून कळत नाही. फरशी झाडून, पुसून, पूर्ण वाळू द्या.

१. खालचा थर उलट बाजू वर करून पसरा. मधून कडेकडे तळहात फिरवत सुरकुत्या काढा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून ठेवलेलं कापड सोडल्यावर आत येतं आणि बाकीच्या थरांना चुण्या पाडतं. कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे वरवंटा, पोळपाट आणि दोन जाड शब्दकोश असतात.

२. आतले थर ठेवा. ते बाहेरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन इंच लहान हवेत, नाहीतर कडा दुमडताना सगळे थर एकत्र येऊन दोरखंडासारखी जाड कड होते. तुकड्यावर तुकडा अर्धा इंच चढवायचा. फट ठेवली तर तिथे गार लागतं, जास्त चढवला तर वळी येते. खालच्या थरातला सांधा आणि वरच्या थरातला सांधा एकावर एक येऊ देऊ नका. विटांच्या भिंतीत जसे सांधे चुकवतात, तसेच.

३. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेवा. कापड बहुतेक वेळा उभ्या धाग्यावर जास्त आटतं. एक थर उभा, एक आडवा घातला तर धुतल्यावर थर एकमेकांशी भांडतात.

४. वरचा थर सुलट बाजू वर करून टाका. दोघांनी चार कोपरे धरायचे, थर हवेत थोडा फुगवायचा आणि मधला भाग आधी टेकेल असा सोडायचा. मग मधून बाहेर तळहात फिरवायचा. कडेकडून आत कधीच नाही.

तपासा: चपला काढून गोधडीवर अनवाणी चाला. खरंच. हाताला न लागलेली वळी, राहिलेलं बटण, दुमडलेला तुकडा तळपायाला बरोबर लागतो. सापडलं तर वरचा थर उचलून आत्ताच दुरुस्त करा. यानंतर ते जमणार नाही.

## टप्पा ६: कच्चा टाका

हा टप्पा वगळणाऱ्या माणसालाच पुढे फुगे येतात. टाचण्या पुरेशा नाहीत. शिवणाला दोन आठवडे लागतात, गोधडी रोज गुंडाळली-उघडली जाते आणि टाचण्या गळतात. घरात लहान मूल असेल तर टाचण्यांवर अजिबात विसंबू नका.

वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, दोन-तीन इंचांचे लांब टाके घालत, आधी बरोबर मधून एक उभी ओळ आणि एक आडवी ओळ. मग दोन्ही कर्णांवर. नंतर मधून बाहेर सरकत वीत-वीत अंतरावर उभ्या-आडव्या ओळी, जाळीसारख्या. शेवटी कडेपासून तीन इंच आत चारही बाजूंनी एक. दोऱ्याला गाठ मारून ओढायचं नाही, टाका नुसता बसला पाहिजे. सुई खालच्या थरातूनही निघतेय ना हे बघा. फरशीवर सुईचं टोक कर्रकन वाजलं म्हणजे निघाली.

तपासा: गोधडी उलटी करा. खालच्या बाजूला सुरकुती दिसली तर त्या भागातला कच्चा टाका उसवून पुन्हा घाला. वाईट वाटतं, पण वीस मिनिटांचं काम आहे. शिवल्यानंतर तेच आठ तासांचं होतं.

## टप्पा ७: धावदोरा

पारंपरिक पद्धतीत पुष्कळ जणी कडेपासून सुरू करून चौकटीच्या आत चौकट करत मध्यापर्यंत जातात. सुंदर दिसतं. पण कडा आधी बंद झाल्याने सैल कापडाला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि सगळा झोल मधे जमतो. मुरलेला हात तो झोल वाटेतच जिरवत जातो. पहिल्या गोधडीला हे जमत नाही. म्हणून पहिली गोधडी मधून बाहेर शिवा: मधली उभी ओळ आधी, मग तिच्या उजवीकडच्या ओळी एकेक करत कडेपर्यंत, मग डावीकडच्या. कडेची तीन इंच जागा सोडून द्यायची.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून वारंवार घासून शेवटच्या टोकाला पिंजतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. सुरुवातीची गाठ हलका झटका देऊन थरांच्या आत लपवा. दोरा संपताना दोन बारीक उलटे टाके घ्या, सुई वीतभर थरांतून आत फिरवून बाहेर काढा आणि दोरा कापा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळी एक इंचावर. सुईवर चार-पाच टाके गोळा करायचे आणि मग ओढायचं. आखायला शिंप्याचा खडू वापरा. बॉलपेन नको, धुण्यात शाई पसरते.

ओढणं हाच खरा कसब. दोरा आवळायचा नाही. प्रत्येक ओळ झाली की अंगठ्याच्या नखाने ती मागून पुढे सपाट करायची, म्हणजे आवळलेला दोरा सैल होऊन समान पसरतो. रागात किंवा टीव्हीवरच्या क्रिकेटच्या शेवटच्या षटकात शिवलेल्या ओळी मला लांबूनही ओळखू येतात.

तपासा, दर पाच ओळींनंतर: लांबी मोजा. मुळापेक्षा दोन-तीन इंच कमी झाली असेल तर ठीक. पाच-सहा इंच आत आली असेल तर तुम्ही आवळताय, पुढच्या ओळी सैल करा आणि सगळ्यात घट्ट ओळ उसवा. मग खालची बाजू बघा. टाके सलग दिसायला हवेत. मधेमधे गायब असतील तर सुई खालपर्यंत पोचत नाहीये.

वेळेचा अंदाज: या मापाला एक इंचावरच्या ओळींची एकूण लांबी सुमारे ११० मीटर होते. माझा वेग तासाला सहा मीटरच्या आसपास, म्हणजे १८-१९ तास. रोज दीड तास बसलं तर दोन आठवड्यांच्या आत होते. एकाच बैठकीत चार-पाच तास शिवू नका. मान तर दुखतेच, शिवाय थकलेल्या हाताचा टाका लांब होतो.

*मशीनवर शिवायची असेल तर:* चारपेक्षा जास्त थर नकोत, १६ किंवा १८ नंबरची सुई, टाका सगळ्यात लांब, पायाचा दाब कमी. इथेही मधली ओळ आधी आणि कच्चा टाका मशीनला तर जास्तच हवा, कारण मशीनचे दाते खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा मागे राहतो.

## टप्पा ८: कडा

वरचा आणि खालचा थर दीड-दीड इंच आत दुमडा, आतल्या थरांची कड त्यांच्यात झाका, टाचा आणि कडेलगत दोन ओळी धावदोरा घाला. आधी दोन लांब बाजू, मग दोन आखूड. गोट लावणार असाल तर दुमडू नका, गोट दोन्ही बाजूंनी घ्या. मग मधे सोडलेली जागा शिवून टाका आणि कच्चा टाका काढा. त्याआधी नको.

## टप्पा ९: पहिलं पाणी

पहिलं धुणं एकटीचं, गार पाण्यात, हाताने. पिळायची नाही. सुती कापड पाणी खूप धरतं. चार थरांची गोधडी कोरडी एक किलोच्या आसपास असली तरी ओली उचलताना दोन माणसं लागतात. दोरीवर मधोमध टाकली तर सगळं वजन एका ओळीवर येतं आणि टाके तिथे ताणतात. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा आणि दोन्हींवर पसरून टाका. दोन तासांनी उलटवा. वरून कोरडी लागली तरी मधला भाग दोन तळहातांमध्ये दाबून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

## बाळाचं दुपटं करणार असाल तर

माप एक मीटर × पाऊण मीटर, थर दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही. जर, बटण, टिकली, लोंबता दोरा काहीही नको. डांबरगोळ्यांचा वास राहिलेलं कापड पूर्ण वर्ज्य. त्यातलं नॅफ्थलीन काही नवजात बाळांच्या रक्तपेशींना अपाय करतं. वास जाईपर्यंत धुवून उन्हात टाका, गेला नाही तर दुसरं कापड घ्या. झोपेत दुपटं बाळाच्या अंगाखाली ठीक, जाड गोधडी अंगावर टाकू नका.

## उरलेलं आणि पुढची दुरुस्ती

चौथ्या ढिगातले धड सिंथेटिक कपडे बोहारणीला द्या, अजून येत असेल तर. टी-शर्टांची फरशी पुसायची फडकी करा. ताग्यासारख्या लांब सुती पट्ट्या उरल्या तर त्यांची वेणी घालून पायपुसणं होतं. जीन्सच्या पिशव्या.

गोधडी तीन-चार वर्षांनी आधी डोक्याकडच्या कडेला आणि मग मधे विरायला लागते. भोक पडायची वाट बघू नका. कापड झिरझिरीत झालं की वरून ठिगळ ठेवा आणि जुन्याच ओळींवरून धावदोरा घाला, नव्या ओळी घातल्या तर जुन्या कापडाला विनाकारण भोकं पडतात. सगळीच बाजू गेली असेल तर उसवायच्या भानगडीत पडू नका. जुनी गोधडी तशीच आतला थर म्हणून ठेवायची आणि दोन्हीकडून नवी साडी लावायची. फक्त त्या वेळी ओळी दोन इंचांवर घ्या, कारण सुईखाली आता सहा थर असतील.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या अभ्र्यात घाला. आणि दर पावसाळ्यानंतर घडी बदला.